पाण्याची खूण

इनामगावच्या शिवारात, घोड नदीच्या अंगाला, तात्याबाची वस्ती. या वस्तीवर वर्षातून एकदा, भाऊबीजेच्या दुपारी, मोठी माणसं मेंढरं व्हायची.

मेंढीकोटाचा डाव ठाऊक नाही असं माणूस त्या भागात शोधूनही सापडायचं नाही, तरी सांगून ठेवलेलं बरं. चौघं बसतात, समोरासमोरचे दोघं एकमेकांचे भिडू. प्रत्येक रंगाची दश्शी म्हणजे मेंढी. ज्या जोडीनं जास्त मेंढ्या ओढल्या ती जिंकली, आणि चारही ओढल्या तर समोरच्यांवर कोट चढला. बाकीच्या घरांत कोट चढला की चिडवाचिडवीवर भागतं. तात्याबाच्या घरात भागायचं नाही. ज्यांच्या मेंढ्या गेल्या त्यांनी मेंढ्या व्हायचं, असा तिथला कायदा. हरलेल्या दोघांनी एकच घोंगडं अंगावर घ्यायचं, अंगणातून फाटकापर्यंत रांगत जायचं, जाताना बें बें करायचं, आणि जिंकलेल्यांनी मागून काठी आपटत त्यांना हाकायचं. धनगराचं घर ते. शिक्षासुद्धा घरच्याच धंद्यातली काढली.

या कायद्यानं तात्याबाचा थोरला शंभू रांगला, धाकटा मल्हार रांगला, बायको रतनबाई गुडघे धरून कण्हत रांगली. शंभूची बायको सुषमा तर लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत नव्या साडीत रांगली. रांगले नाहीत ते फक्त दोघं, तात्याबा आणि त्याची बहीण अनसाबाई. हे दोघं भिडू म्हणून बसले की समोरच्यांनी घोंगडं आधीच झटकून ठेवायचं. "आबा आन् आत्याच्या अंगात एकच जीव हाय," असं पोरं म्हणायची. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

अनसाबाई ही टाकलेली बाई. राहूच्या ज्योतिबाला दिली होती. तीन वर्षं झाली, पाळणा हलेना, तेव्हा ज्योतिबानं एका सकाळी तिला माहेरी सोडतो म्हणून एसटीत बसवलं, न्हावऱ्याच्या स्टँडवर उतरवलं, तिची पत्र्याची पेटी तिच्याजवळ ठेवली आणि चहा पिऊन येतो म्हणून जो गेला तो गेला. महिन्याभरात त्याच्या दारात दुसऱ्या लग्नाचा मांडव पडला. अनसा मात्र त्या दिवशी उन्हं कलेपर्यंत पेटीवर बसून होती. पाण्याला उठली नाही, कारण आपण उठलो आणि तेवढ्यात तो आला तर. मग पेटी डोक्यावर घेऊन चालत इनामगावला आली.

त्यानंतर किती तरी दिवस ती बोललीच नाही. जेव म्हटलं की जेवायची, ऊठ म्हटलं की उठायची. तात्याबा तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याला तिचं हे गप्प राहणं बघवेना. शिरूरच्या बाजारातून त्यानं पत्त्यांचा कॅट आणला, भाऊबीजेच्या दुपारी बापाला आणि बायकोला समोर बसवलं आणि अनसाला म्हणाला, "तू माझा भिडू." खेळ तिला धड येत नव्हता. पानं हातात धरून ती कावरीबावरी झाली, तेव्हा तात्याबानं डावा कान खाजवला. अनसानं वर बघितलं. आणि तिला हसू फुटलं.

कारण ती खूण तिची होती, दोघांचीच होती. लहानपणी दिवाळी झाली की बापाची मेंढरं कोकणाकडं निघायची. तात्या कळपाच्या पुढं, अनसा मागं, मध्ये शेकडो मेंढरं आणि वारा. हाक ऐकू जायची नाही, म्हणून दोघांनी हाताच्या खुणा बसवल्या होत्या. डावा कान म्हणजे डावीकडून वळव, उजवा कान म्हणजे उजवीकडून. नाक, गुडघा, कंबर, प्रत्येकाला अर्थ होता. आणि सगळ्यांत मोठी खूण पाण्याची. पुढं गेलेल्यानं टेकाडावर उभं राहून कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंडावरून तळवा फिरवला, तर इथं पाणी नाही, थांबू नका, पुढं चला. बाप एरवी कशालाच फारसं मनावर घेणारा नव्हता, पण या एका खुणेबाबत कडक होता. "खोटी शपथ घ्या, खोट्या शिव्या द्या, पण पाण्याची खूण खोटी करू नका. मुकं जितराब तुमच्या भरवशावर चालतंय," असं म्हणायचा.

त्याच खुणा पत्त्यांत आल्या. डावा कान म्हणजे माझ्याकडं इस्पिकाची मेंढी, उजवा कान बदामाची, नाक चौकटची, गुडघा किलवरची. आणि तोंडावरून तळवा फिरवला तर माझ्या हातात काही नाही, माझ्यावर विसंबू नकोस, हलकं पान टाक आणि गप बस. लबाडी म्हणायची तर होतीच. पण ती एका भावानं बहिणीला बोलतं करण्यासाठी केलेली लबाडी होती, आणि तिच्यातली एकही खूण कधी खोटी निघाली नाही. अनसानं त्या तळव्याकडं बघून हातातली राणी कितीदा दाबून ठेवली असेल आणि दुर्री टाकली असेल, त्याला गणती नाही.

पुढची तीस-एक वर्षं अनसाबाईनं त्या घरात काय केलं, ते विचारू नये. काय नाही केलं ते विचारावं. शंभू आणि मल्हार तिच्याच कडेवर वाढले. रतनबाईच्या बाळंतपणांत शेक-शेगडी तिनं केली. वाटाण्याची तोडणी, कांद्याची लागण, मेंढरांची कातरणी, बापाचं शेवटचं आजारपण, सगळ्याला अनसा. रतनबाई तिला तोंडावर वन्सं म्हणायची आणि पाठीमागं "आमच्याकडची" म्हणायची. बिनपगारी आणि फुल अधिकारी असं म्हणतात, पण इथं अधिकाराचंही नाव नव्हतं.

मग रांजणगावला कंपन्या आल्या. शंभू एका कारखान्यात लागला, दोन वर्षांनी पर्मनंट झाला, आणि पर्मनंट झालेल्या माणसाला घरही पर्मनंट लागतं. वस्तीवर स्लॅबचं घर उभं राहिलं. त्यात सगळ्यांना खोल्या झाल्या. अनसाबाईची पेटी मात्र जुन्या पत्र्याच्या पडवीतच राहिली, मेंढरं कोंडायच्या जाळीच्या वाघरीला लागून. मेंढरं आता अकराच उरली होती. "आत्याला तिथंच बरं वाटतंय," असं सुषमानं ठरवून टाकलं. कुणाला काय बरं वाटतं हे दुसऱ्यानंच ठरवायचं असेल तर सोपं असतं.

दोन हजार एक साली शंभूनं ती अकरा मेंढरंही काढायचं मनावर घेतलं. वास येतो, पाहुणेरावळे येतात, कंपनीतले मित्र येतात. जेवताना त्यानं विषय काढला, सुषमानं री ओढली, रतनबाईनं मान डोलावली. तात्याबानं घास तोंडात घालता घालता म्हटलं, "न्हाई." बस्स, तेवढंच. विषय संपला. पोरगा कितीही मिळवता झाला तरी जमीन तात्याबाच्या नावावर होती, आणि त्याचा शब्द अजून पडत नव्हता. पडवीत बसून भाकरी खाणाऱ्या अनसाबाईनं ते ऐकलं आणि तिला केवढं तरी हलकं वाटलं. ज्याला अकरा मेंढरं जड नाहीत त्याला मी कशी जड होईन, असा तिचा हिशेब.

दोन हजार दोन सालच्या पावसाळ्यात मल्हारला शिरूरची मुलगी सांगून आली. पोरीकडची माणसं घर बघायला आली, पोहे खाल्ले, स्लॅबचं कौतुक केलं. जाताना मुलीच्या आईनं सहज विचारल्यासारखं केलं, "आत्या कायम हितंच असत्यात व्हय?" घरात कुणी उत्तर दिलं नाही, पण तो प्रश्न तिथंच राहिला. आणि दिवाळीच्या तोंडावर राहूहून निरोप आला.

भाऊबीजेच्या सकाळी अनसाबाईनं तात्याबाला ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवली. दरवर्षीची साडी सुती, बाजारातली. यंदा जरीच्या काठाची होती, सोबत खण होता, नारळ होता. "दादा, एवढी भारी कशाला?" असं ती हसत म्हणाली. तात्याबा उठून बाहेर गेला. खण-नारळ कधी देतात हे तिला कळायला पाहिजे होतं. पण ती आनंदात होती. आनंदात माणूस आंधळं होतं.

थोड्या वेळानं जीप आली. ज्योतिबाचा दुसऱ्या बायकोपासूनचा मुलगा आणि भावकीतला एक म्हातारा उतरले. मुलगा पुण्याला नोकरीत होता, शर्टच्या खिशाला पेन होता. त्यानं वाकून अनसाबाईच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "आई, तुम्हाला न्यायला आलोय." उभ्या जन्मात तिला कुणी आई म्हटलं नव्हतं. म्हटलं ते यानं, आणि असं.

प्रकरण साधं होतं. ज्योतिबाला अर्धांगवायू झाला होता. धाकटी बायको श्रावणात गेली. मुलांच्या पुण्यात नोकऱ्या, सुनांची बिऱ्हाडं तिकडं. म्हाताऱ्याचं हगणं-मुतणं काढायला घरात बाईमाणूस नव्हतं. तेव्हा सगळ्यांना एकदम आठवलं की याची एक बायको इनामगावला पडून आहे. कामापुरता मामा म्हणतात, तशी ही कामापुरती आई.

"नवऱ्याचं घर ते नवऱ्याचं घर," भावकीतला म्हातारा म्हणाला. "झालं गेलं गंगेला मिळालं. बाईनं कुकवाच्या धन्याजवळ असावं."

शंभू कंपनीतल्या मिटिंगमध्ये बोलतो तसं बोलला. "दोन्ही साइडनं बघा. आत्याला तिचं हक्काचं घर मिळतंय, त्यांची अडचण बी सुटतीय. आपली काय ना न्हाई."

"मल्हारच्या लग्नात वन्सं जोडीच्या म्हणून मिरवतील," रतनबाई म्हणाली. ज्याला कूससुद्धा बदलता येत नाही त्याच्याबरोबर कुठं मिरवणार, हे तिनं सांगितलं नाही.

अनसाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "मला इचारा की कुणी तरी," ती म्हणाली. कुणी विचारलं नाही. मग तिनं भावाकडं बघितलं. "दादा, तू बोल. तू म्हणशील तसं."

सगळे तात्याबाकडं बघायला लागले. एक शब्द हवा होता. वर्षामागं अकरा मेंढरांसाठी घास चावता चावता जो निघाला होता तोच, दुसरा नाही. तात्याबानं एकदा शंभूकडं बघितलं, एकदा मल्हारकडं. मग बहिणीकडं बघितलं, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश, तोंडावरून तळवा फिरवला.

बाकीच्यांना वाटलं, तात्याबानं तोंड पुसलं. अनसाबाईला मात्र ते नीट ऐकू आलं. माझ्या हातात काही नाही. माझ्यावर विसंबू नकोस. हलकं पान टाक. आणि जन्मभराची सवय वाईट असते. विचार करायच्या आत तिच्या तोंडून शब्द गेला, "बरं."

पाहुणे खूश झाले. त्यांना पुरणपोळी अनसाबाईनंच वाढली. जीप गेली. उद्या सकाळी शंभूनं तिला मोटारसायकलवरून राहूला सोडायचं, असं ठरलं. पेटीपण बसेल, दोघांच्या मध्ये धरली तर.

जेवणं झाली, आणि मल्हार कॅट घेऊन आला. "चला आत्या, शेवटचा..." आणि जीभ चावली. पण भाऊबीजेला पत्ते नाहीत असं कधी झालं नव्हतं. अंगणात सतरंजी पडली. एकीकडं शंभू आणि मल्हार, एकीकडं भाऊ-बहीण. रतनबाई आणि सुषमा बघायला बसल्या. सुषमानं घोंगडं आणून ठेवलं. सगळ्यांना हायसं वाटत होतं. अवघड काम सकाळी उरकलं होतं, आता सण सणासारखा करायला हरकत नव्हती.

पानं वाटली. तात्याबानं पानं लावली, आणि त्याचा हात डाव्या कानाकडं गेला.

अनसाबाई त्या हाताकडं बघत राहिली. सकाळी ज्या हातानं तिला घराबाहेर काढलं तोच हात दुपारी तिला सांगत होता, की माझ्याकडं इस्पिकाची मेंढी आहे, सांभाळून घे. त्याला तसं करताना काही वाटलंसुद्धा नाही. इतका वेळ तिला रडू येत होतं. आता संताप आला. असा संताप तिला न्हावऱ्याच्या स्टँडवरही आला नव्हता. तिनं आपली तेरा पानं सतरंजीवर उताणी टाकली.

"दादाकडं इस्पिकाची दश्शी हाय," ती म्हणाली. "बघा."

"आत्या, पानं झाका की!" मल्हार ओरडला.

"बघा म्हणते ना. डावा कान म्हंजी इस्पिक. उजवा कान बदाम. नाक म्हंजी चौकट, गुडघा किलवर. तुम्ही जल्मायच्या आधीपासून असंच खेळतोय आम्ही."

शंभूनं बापाच्या हातातली पानं ओढून घेतली. इस्पिकाची दश्शी होती. आणि मग जो गलका उठला तो शेजारच्या वस्तीपर्यंत गेला.

"म्हंजी इतकी वर्षं तुम्ही आमास्नी फसवलं?" शंभू.

"आबा, ही लबाडी झाली! धडधडीत लबाडी!" मल्हार.

"आन् मी नवी नवरी असून रांगले! माझ्या माहेरच्यांनी बघितलं हुतं!" सुषमाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"तरी मी म्हनत हुते," रतनबाई म्हणाली.

सकाळी याच चौघांनी एक जितंजागतं माणूस आवाजही न चढवता देऊन टाकलं होतं. आता पत्त्यांतल्या अन्यायानं त्यांचा जीव तळमळत होता. अनसाबाई थांबली, गलका जरा खाली येऊ दिला.

"एक खूण ऱ्हायली," ती म्हणाली. "तोंडावरनं तळवा फिरवला म्हंजी हातात काय न्हाई. ती सकाळी तुम्ही समद्यांनी बघितली."

तात्याबानं मान खाली घातली. बाकीच्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. शंभू घोंगडं उचलत होता. "ते काय न्हाई. आजवरच्या समद्या कोटांची भरपाई. दोघांनी बी रांगायचं, आत्ताच्या आत्ता!"

आणि पन्नाशी उलटलेली ती दोघं भावंडं खरंच रांगली. तात्याबा मुकाट्यानं खाली बसला म्हणून अनसाबाईही बसली. घोंगडं दोघांवर पडलं. आत अंधार, लोकरीचा वास, आणि दोघांचे श्वास. लहानपणी पावसात अशीच बसायची ती, एका घोंगड्याखाली.

"अनशे," आतून तात्याबा कुजबुजला, "माझ्या हातात काय हुतं गं? पोरांच्या जिवावर दिस काढायचं..."

"एक 'न्हाई' हुतं तुझ्या तोंडात. मेंढरांसाठी निघालं हुतं की."

दोघं रांगत राहिली. खडे गुडघ्यांना टोचत होते.

"पाण्याची खूण खोटी केलीस, दादा."

त्यावर तो काही बोलणार होता. पण मागून शंभूनं काठी आपटली. "आवाज येत न्हाई! बें करा, बें!"

अनसाबाईनं बें केलं. एवढ्या मोठ्यानं केलं, की वाघरीतली अकराच्या अकरा मेंढरं उठून उभी राहिली आणि तिला उत्तर द्यायला लागली. अंगणातली माणसं पोट धरधरून हसली. इतकं हसू त्या खेळाला कधीच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शंभूनं तिला राहूला सोडलं. मल्हारच्या लग्नाला तिला बोलावणं आलं, पण ज्योतिबाला एकट्याला टाकून कसं जायचं, म्हणून तिच्या सावत्र मुलांनी परस्परच नाही कळवलं.

पुढच्या भाऊबीजेला तात्याबा एसटीनं राहूला आला. सुती साडी होती, खिशात कॅट होता. अनसाबाईनं ज्योतिबाची कूस बदलली, हात धुतले आणि भावाला ओवाळलं. मग तात्याबा घरचं सांगायला लागला. रतनबाईच्या गुडघ्यांनी हाय खाल्ली होती. धाकटी सून चुलीला हात लावत नव्हती. आणि सुषमाला सातवा महिना होता, उठू नको म्हणून डॉक्टरनं सांगितलं होतं.

"शंभूच म्हणला, आत्याला घेऊन या," तात्याबा म्हणाला. "तू ह्यांची काळजी करू नगंस. ह्यांच्या पोराशी मी बोलतो. म्या न्हाई म्हणलं तर कोण काय करतंय? स्लॅबच्या घरात खोली दिऊ तुला. चल अनशे. तुझ्याबिगर पत्त्याला बी मजा न्हाई. माझा भिडू व्हायाला कुणी बघत न्हाई आता."

अनसाबाईनं सगळं ऐकून घेतलं. पलीकडं खाटेवर ज्योतिबा घशातून काहीतरी आवाज काढत होता. तिनं भावाच्या डोळ्यांत बघितलं, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश, तोंडावरून तळवा फिरवला.

तात्याबानं टोपी डोक्यावर घातली, कॅट खिशात आहे का ते चाचपलं आणि न्हावऱ्याची गाडी गाठायला निघाला. ती खूण खरी की खोटी, हे त्यानं तिला विचारलं नाही. अनसा पाण्याची खूण खोटी करत नव्हती, हे त्याला ठाऊक होतं.